वेस्टमिन्स्टर ॲबेत 'घेरिया' : ॲडमिरल वॉटसन नेमका कोण होता?

गिर्ये_आजोळ (धागाकर्ता)

सध्या लेकीकडे लंडनला आहे. गेल्या मंगळवारी वेस्टमिन्स्टर ॲबे बघायला गेलो. उत्तरेकडच्या भागात एक भलंमोठं संगमरवरी स्मारक आहे. मधोमध रोमन पोशाखातला पुरुष, हातात ताडाची फांदी. एका बाजूला गुडघ्यावर बसलेली बाई, दुसऱ्या बाजूला साखळदंडात जखडलेला माणूस. जावई पुढे निघून गेला होता, मी चष्मा पुसून कोरलेली अक्षरं लावत बसलो आणि एका शब्दापाशी थबकलो: घेरिया. खाली तारीख, १३ फेब्रुवारी १७५६.

घेरिया म्हणजे आमचा विजयदुर्ग! माझं आजोळ गिर्ये. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत किल्ल्याच्या तटावर बसून आम्ही करवंदं खाल्लीत. त्या किल्ल्याचं नाव इंग्लंडच्या राजेरजवाड्यांच्या कबरींमध्ये वाचताना अंगावर काटा आला आणि मग खूप वाईट वाटलं.

स्मारक ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचं. शाळेत आम्हाला इतकंच शिकवलं होतं की इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. वॉटसनचं नावही कधी कानावर आलं नव्हतं. कोण होता हा? कुठून आला, कसा होता, पुढे काय झालं त्याचं? आणि आपण कोकणातल्या माणसांनी त्याच्याकडे कसं बघायचं? जाणकारांनी सांगावं.

मुक्ता_ठाणे

काका, धाग्याबद्दल मनापासून आभार. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहिते.

जन्म १७१४ चा. वडील पाद्री, वेस्टमिन्स्टर ॲबेशीच संबंधित. म्हणजे तुम्ही स्मारक पाहिलंत ती जागा एका अर्थाने त्याच्या घरचीच. आरमारात गेला १७२८ मध्ये, चौदाव्या वर्षी. त्या काळी तेच वय असायचं. सर चार्ल्स वेजर हा मोठा दर्यासारंग नात्यातला, पुढे तो इंग्रज आरमार खात्याचा प्रमुख झाला. त्यामुळे चोविशीतच वॉटसन कॅप्टन झाला. वशिला होता हे उघड आहे. पण नंतर त्याने स्वतःला सिद्ध केलं हेही खरं. १७४४ ची तुलॉंची लढाई, मग १७४७ मध्ये फिनिस्टेअर भूशिराजवळ फ्रेंचांशी झालेल्या दोन्ही लढाया, तिन्ही ठिकाणी तो होता. १७४८ मध्ये रिअर ॲडमिरल, आणि न्यूफाउंडलंड व उत्तर अमेरिकेकडच्या तांड्याची जबाबदारी. तेव्हा वय चौतीस!

१७५४ मध्ये त्याला हिंदुस्थानाकडे पाठवलं ते फ्रेंचांना आवर घालायला. आंग्र्यांशी लढायला नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १७५५ च्या अखेरीस तो मुंबईत होता. क्लाइव्हही विलायतेहून फौज घेऊन मुंबईतच उतरला होता, दख्खनमध्ये फ्रेंच सेनानी बुसीवर चालून जायचं म्हणून. पण मद्रासेकडे फ्रेंचांशी तह झाला आणि ती मोहीम बारगळली. फौज तयार, जहाजं तयार, हाताला काम नाही. मुंबई सरकार आणि पेशवे दोघांच्याही डोळ्यांत तुळाजी सलत होता. मग घेरियाकडे मोर्चा वळला.

बाकी उद्या लिहिते, आत्ता मुलाचा अभ्यास घ्यायचाय.

देवगड_हापूस

लय दिवसांनी असो धागो वाचूक गावलो. विजयदुर्गाबद्दल कोण तरी बोलता हा, बरा वाटला.

सदाशिव_१७६१

यात वॉटसनला कशाला पकडायचं? तो परका, राजाचा नोकर. आपल्याच पेशव्यांनी आपलंच आरमार बुडवायला इंग्रजांना आवतण दिलं, हे दुखणं आहे. छत्रपतींनी उभं केलेलं, कान्होजींनी वाढवलेलं आरमार नानासाहेबांनी एका भांडणापायी घालवलं. वॉटसनवर चर्चा करणं म्हणजे चोराला सोडून कुऱ्हाडीला शिक्षा.

पुरंदरे_वाचक

सदाशिवराव, भावना समजते, पण थोडं थांबा. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, पेशव्यांच्या मुलखात त्याचा उपद्रव होता, आणि भाऊ मानाजी कुलाब्याला पेशव्यांच्या बाजूने होता. घरातलं भांडण दोन्हीकडून होतं. नानासाहेबांची चूक मला वेगळीच दिसते. बंडखोर सरदाराला नमवणं हा कोणत्याही राज्यकर्त्याचा हक्क आहे, पण समुद्रावरची ताकद म्हणजे काय हे त्यांना उमगलं नाही. किल्ला हाती आला म्हणजे आरमार हाती आलं, असं वाटलं असणार. किल्ला दगडाचा, तो राहतो. जहाजं लाकडाची, ती जळतात.

आणि इंग्रजांनी एक वर्ष आधी सुवर्णदुर्ग घेतला तेव्हाही पेशव्यांची फौज सोबत होती. तो कमोडोर जेम्सचा पराक्रम. त्याच्या बायकोने त्याच्या आठवणीत लंडनजवळ शूटर्स हिलवर मनोरा बांधला, 'सेव्हर्नड्रूग' नावाचा. काका, लंडनला आहात तर तोही बघून या.

तांडेल_रत्नागिरी

मी पंचवीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, आता घरी आहे. लढाईचं समुद्राच्या बाजूने सांगतो, कारण पुस्तकं वाचणाऱ्यांच्या ते सहसा ध्यानात येत नाही.

वाघोटन खाडीचं तोंड पश्चिमेला उघडं, किल्ला दक्षिण काठावर. फेब्रुवारीत सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शिडाचं जहाज त्या वाऱ्यावर आत येऊ शकत नाही. दुपार झाली की खारा वारा धरतो, आणि मग तो जहाजाला अलगद आत आणून सोडतो. वॉटसनचा हल्ला १२ फेब्रुवारीला दुपारी सुरू झाला. ज्याला आपला किनारा माहीत आहे त्याला ही वेळ बघूनच कळतं की माणूस वाऱ्यासाठी थांबला होता.

दोन रांगा केल्या होत्या. किल्ल्याच्या अंगाला मोठी जहाजं: त्याचं स्वतःचं केंट, ॲडमिरल पोकॉकचं कंबरलंड, शिवाय टायगर, सॅलिसबरी वगैरे. त्यांच्या आडोशाने दुसरी रांग, त्यात गर्नाळांच्या होड्या, म्हणजे उंच उडून वरून पडणारे स्फोटक गोळे टाकणाऱ्या. मोठ्या जहाजांनी मार अंगावर घ्यायचा आणि होड्यांनी निवांत नेम धरायचा.

आता आतली बाजू बघा. तुळाजीची गुराबं, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आणि गलबतं किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना खेटून बांधलेली. यातच घात झाला. आंग्र्यांचं आरमार उघड्या दर्यात चपळ. वल्ही मारत शत्रूच्या जहाजाच्या मागच्या अंगाला जायचं, तोफ लागत नाही तिथून झोंबायचं. तेच आरमार बांधून ठेवलं की सरपणाची मोळी. एक गोळा 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मूळ इंग्रजांचं, तुळाजीने १७४९ मध्ये त्यांच्याकडून जिंकलेलं. ते पेटलं आणि दोर, शिडं, डांबर करत आग एकाकडून दुसऱ्याकडे गेली. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. ज्या जहाजाच्या विजयाचा अभिमान बाळगला त्याच्यापासून आग लागावी, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

अनघा_नाशिक

तांडेलकाका, सरपणाची मोळी वाचून पोटात कालवलं. पण तुळाजी स्वतः कुठे होते?

पुरंदरे_वाचक

तो आधीच पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता, रामाजी महादेव बिवलकरांकडे. किल्ला मेव्हण्याच्या हवाली. बोलणी यशस्वी झाली असती तर किल्ला मराठ्यांच्याच ताब्यात गेला असता आणि इंग्रजांना लूट मिळाली नसती. म्हणून क्लाइव्हने १२ च्या रात्रीच फौज उतरवून किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्यामध्ये ठाण मांडलं. १३ ला किल्ला पडला. दोनशेवर तोफा आणि सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांच्या हाती लागले. वाटणी कशी करायची ते मुंबईहून निघायच्या आधीच ठरलं होतं, आणि त्यात पेशव्यांचा वाटा धरलेला नव्हता.

तुळाजी पुढे मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला.

मुक्ता_ठाणे

आले परत. त्या वाटणीतलीच एक गोष्ट. ठरल्याप्रमाणे क्लाइव्हचा वाटा पोकॉकपेक्षा कमी येत होता, आणि फौजेच्या अधिकाऱ्यांनी कुरकुर केली. आरमार हटेना. तेव्हा वॉटसन म्हणाला, नियम मोडणार नाही, पण फरक माझ्या वाट्यातून भरून देतो. क्लाइव्हने ते घेतले नाहीत. दुसऱ्याची लूट वाटताना दाखवलेलं हे मन आहे, हे मी विसरत नाही. पण माणूस कसा होता असं काकांनी विचारलंय म्हणून सांगितलं.

आणि एक प्रसंग, जो मला कधीच विसरता येत नाही. केंटवर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा डॉक्टर होता, त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलंय. किल्ला पडल्यावर वॉटसन तुळाजीच्या कुटुंबाला भेटायला गेला. आई, बायका, मुलं सगळी आतच होती. म्हातारी आई म्हणाली, रयतेला राजा नाही, मला मुलगा नाही, सुनांना नवरा नाही, लेकरांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, यापुढे मला बाप आणि मित्र समजा. तेव्हा सहाएक वर्षांचा धाकटा मुलगा हुंदके देत पुढे आला, त्याने त्याचा हात धरला आणि म्हणाला, मग तुम्हीच माझे बाबा. आइव्ह्ज लिहितो की ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी दाटून आलं आणि ते पडू नये म्हणून त्याला तोंड फिरवावं लागलं.

तोंड फिरवल्यावर काय दिसलं असेल हो? खाडी. आणि तिच्यात अर्धवट जळालेल्या गुराबी.

अनघा_नाशिक

मुक्ताताई, शेवटची ओळ वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

सदाशिव_१७६१

रडला असेल. घर त्यानेच जाळलं होतं.

मुक्ता_ठाणे

हो, दोन्ही खरंच आहे सदाशिवराव. मी एकाने दुसरं पुसत नाही.

खगोल_मित्र

अवांतर: विजयदुर्गावर सूर्यग्रहणात हेलियमचा शोध लागला ना? 'साहेबाचे ओटे' अजून आहेत म्हणे.

तांडेल_रत्नागिरी

ओटे आहेत, मी त्यांवर बसलोय. शोधाचं जाणकार सांगतील.

भौतिकी_मास्तर

मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून राहवलं नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण भारतातून दिसलं हे बरोबर. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या वेळी गुंटूरला होता. पण ज्या लॉकियरचं नाव विजयदुर्गाशी जोडतात तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता, त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ पाहिली. ओटे खुशाल जपावेत, पण मुलांना नीट माहिती द्यावी. आता वॉटसनकडे परत या, मी पण वाचतोय.

कोकणकडा

वॉटसनची पुढची एक गोष्ट माझ्याकडून, वातावरण थोडं हलकं व्हावं म्हणून. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने कलकत्ता घेतल्यावर वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासेहून बंगालला गेले. डिसेंबर १७५६ च्या अखेरीस वाटेत बजबज नावाचा किल्ला लागला. ठरलं की सकाळी हल्ला करायचा. रात्री स्ट्रॅहॅन नावाचा एक खलाशी दारू पिऊन एकटाच तटाच्या भगदाडातून आत शिरला आणि ओरडायला लागला, किल्ला माझा! मागून त्याचे दोस्त धावले आणि खरोखरच किल्ला मिळाला. सकाळी वॉटसनने त्याला पुढे बोलावून शिस्तभंगाबद्दल चांगलंच झापलं. बाहेर पडताना पठ्ठ्या पुटपुटला, यासाठी फटके मिळणार असतील तर आयुष्यात पुन्हा एकट्याने किल्ला घेणार नाही!

देवगड_हापूस

हो स्ट्रॅहॅन आमच्या गावचोच वाटता 😄

पुरंदरे_वाचक

कोकणकडा, मस्त. त्याच मोहिमेत वॉटसन आणि क्लाइव्हचं जोरात भांडण झालं. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत घेतलं ते मुळात जहाजांच्या तोफांनी. वॉटसनने किल्ल्यावर राजाच्या फौजेतला कॅप्टन कूट नेमला. क्लाइव्ह म्हणाला, अधिकार माझा, मी ऐकणार नाही. वॉटसनने निरोप पाठवला की बाहेर पडला नाहीस तर तोफा डागीन. शेवटी ॲडमिरल स्वतः किनाऱ्यावर आला, किल्ल्या घेतल्या आणि कंपनीच्या हवाली केल्या. राजाचं आरमार मोठं की कंपनी, हा खरा वाद होता. वॉटसन आयुष्यभर स्वतःला राजाचा माणूस समजत राहिला आणि त्याचं प्रत्येक काम कंपनीच्या पथ्यावर पडत गेलं. स्मारकही शेवटी कंपनीनेच बांधलं.

वकील_सातारा

मला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण लढाईतला वाटत नाही. तो सहीचा आहे.

सिराजउद्दौल्याला पदच्युत करून मीर जाफरला बसवायचा कट शिजत होता. अमीचंद सावकार मधला माणूस, त्याने मोठी रक्कम मागितली, नाहीतर कट फोडीन म्हणाला. क्लाइव्हने दोन करार केले. पांढऱ्या कागदावरचा खरा, तांबड्या कागदावरचा खोटा. अमीचंदला दाखवायला तांबडा. वॉटसनने खऱ्या करारावर सही केली, खोट्यावर करायला साफ नकार दिला. त्याची सही नसेल तर अमीचंदला संशय आला असता, म्हणून क्लाइव्हने लशिंग्टन नावाच्या माणसाकडून ती करवून घेतली.

मी रोज दस्तऐवज बघतो. माणसाची परीक्षा तिथेच होते, कुणी बघत नसताना कागदावर.

सदाशिव_१७६१

वकीलसाहेब, अर्धवट झालं. क्लाइव्हने पुढे पार्लमेंटच्या चौकशीत सांगितलं की वॉटसनने सही नाकारली, पण तुम्हाला काय करायचं ते करा असंही म्हणाला. म्हणजे त्याला माहीत होतं. हात स्वच्छ ठेवायचे आणि फळ घ्यायचं.

वकील_सातारा

ती साक्ष क्लाइव्हची, आणि ती दिली तेव्हा वॉटसनला जाऊन पंधराएक वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाची संमती सांगणाऱ्या साक्षीदाराचं वजन किती, हे मी कोर्टात रोज बघतो. मात्र एवढं मान्य करतो की त्याने कट थांबवला नाही. प्लासीला आपले खलाशीही दिले.

शोनार_मराठी

मी बँकेच्या नोकरीमुळे सहा वर्षं कोलकात्यात आहे. वॉटसनची कबर इथे सेंट जॉन चर्चच्या आवारात आहे, डलहौसीपासून चालत दहा मिनिटं. वर निमुळता होत गेलेला स्तंभ. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं.

त्याच आवारात विल्यम स्पेक नावाच्या पोराची शिळा आहे. बाप केंटचा कॅप्टन, पोरगा त्याच जहाजावर शिकाऊ अधिकारी, सोळा-अठरा वर्षांचा. २३ मार्च १७५७ ला चंद्रनगरवर हल्ला झाला. फ्रेंचांनी हुगळीत जहाजं बुडवून वाट अडवली होती, वॉटसनच्या माणसांनी पाण्याची खोली मोजत त्यांच्यामधून वाट काढली. मग किल्ल्यासमोर अगदी जवळून तोफा. एकाच गोळ्याने बाप जखमी झाला आणि मुलाची मांडी गेली. डॉक्टर आइव्ह्जने लिहिलंय की पोरगा म्हणत होता, आधी बाबांना बघा. तेरा दिवसांनी तो गेला. केंटची चाळण झाली, ते जहाज पुन्हा समुद्रात गेलंच नाही. पोकॉकचं कंबरलंड मागे राहिलं होतं, तर तो होडीत बसून नदी चढून आला आणि टायगरवर त्याने आपलं निशाण चढवलं.

आणि हाच वॉटसन चंद्रनगरच्या आधी सिराजउद्दौल्याला पत्र लिहितो की तुझ्या मुलखात अशी आग पेटवीन की गंगेचं सगळं पाणी ती विझवू शकणार नाही. विजयदुर्ग वाचल्यावर आज मला ते वाक्य वेगळंच ऐकू आलं. आग म्हणजे काय हे त्याने वर्षभरापूर्वी आपल्या खाडीत बघितलं होतं.

प्लासीनंतर दोन महिने पुरे व्हायच्या आत, १६ ऑगस्ट १७५७ ला, तो कलकत्त्यातच तापाने गेला. वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस.

अनघा_नाशिक

फक्त त्रेचाळीस! मी त्याला सत्तरीचा समजत होते. चित्रातले ॲडमिरल म्हातारेच वाटतात.

धुळप_वाड्याशेजारी

उशिरा आलो. एका मुद्द्यावर कडाडून असहमत. 'मराठी आरमार संपलं' हे सगळे गृहीत धरताय, ते चूक आहे. इंग्रजांनी ठरल्याप्रमाणे किल्ला लगेच सोडला नाही, ऑक्टोबर १७५६ च्या तहानंतर तो पेशव्यांना मिळाला आणि इंग्रजांनी बाणकोट ठेवलं. त्याच विजयदुर्गातून पुढे आनंदराव धुळपांनी आरमार उभं केलं. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी 'रेंजर' हे इंग्रजी जहाज पकडलं. जळालेल्या धक्क्यावर पुन्हा सुतार बसले, पुन्हा गुराबी बांधल्या. त्या सुतारांचं, कोळ्यांचं, भंडाऱ्यांचं स्मारक कुठल्याही ॲबेत नाही, म्हणून निदान इथे तरी त्यांचं नाव निघावं.

तांडेल_रत्नागिरी

+१००. हे माझ्या लिहिण्यात यायला हवं होतं. फक्त एवढंच म्हणेन, धुळपांचं आरमार शूर होतं पण आंग्र्यांच्या वेळचा दर्यावरचा दरारा परत आला नाही. मुंबईतून निघालेल्या जहाजाला विजयदुर्गासमोरून जाताना जी धडकी भरायची ती गेली.

धुळप_वाड्याशेजारी

ते मान्य, तांडेलकाका.

गिर्ये_आजोळ (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. लेकीलाही वाचून दाखवले, तिला मराठी वाचायला वेळ लागतो. आज तिला घेऊन पुन्हा ॲबेत गेलो. मूळ स्मारकात ताडाची मोठी झाडंही कोरलेली होती, ती नंतर काढली असं तिथल्या माणसाने सांगितलं. या वेळी नीट बघितलं. गुडघ्यावरची बाई म्हणजे सुटलेलं कलकत्ता, जखडलेला माणूस म्हणजे चंद्रनगर. घेरियाच्या वाट्याला मूर्ती नाही, नुसतं नाव आणि तारीख.

मी विचारलं होतं, त्याच्याकडे कसं बघायचं. मुक्ताताईंनी सांगितलेला तो सहा वर्षांचा मुलगा डोक्यातून जात नाहीये. मला राग धरून बसायचं नाही आणि हार घालायलाही जायचं नाही. पण गिर्याला रामेश्वराच्या देवळाजवळ संभाजी आंग्र्यांची, म्हणजे तुळाजींच्या थोरल्या भावाची, समाधी आहे. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो आणि ती कुणाची हे कुणी विचारलं नाही. जानेवारीत परत येतोय. १३ फेब्रुवारीला तिथे आणि मग किल्ल्यावर जायचं ठरवलंय. कुणी येणार का?

तांडेल_रत्नागिरी

मी येतो. ओळखीच्या तांडेलाची होडी आहे, दुपारी खारा वारा धरला की खाडीच्या तोंडातून आत येऊ. वॉटसन आला त्याच वाटेने, म्हणजे किल्ला तिथून कसा दिसतो ते कळेल.

मुक्ता_ठाणे

मी आणि लेक. त्याची परीक्षा तोवर झालेली असेल.

शोनार_मराठी

रजा मिळाली तर नक्की. येताना सेंट जॉनमधले फोटो घेऊन येतो.

सदाशिव_१७६१

मीही येतो. वाद किल्ल्यावर पुढे चालू ठेवू.

देवगड_हापूस

जेवणाची काळजी करू नकात. किती जणा ता आठ दिवस आधी कळवा, माशे त्या प्रमाणात आणूक होये.